मुलगा म्हणतो कायदेशीर, दीर म्हणतात बंदी आणा. सही करू का?

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचं पत्र आलं आहे. मुलगा हिंजवडीला नोकरीला आहे. तीन वर्षांपासून तो क्रिप्टोत ट्रेडिंग करतो आणि सुमारे सहा लाख त्यात घातले आहेत. आता तो आईच्या ग्रॅच्युइटीतले चार लाख मागतो आहे. ‘सरकार तीस टक्के टॅक्स घेतं, म्हणजे कायदेशीरच आहे ना?’ हे त्याचं म्हणणं. बाईंच्या दिरांनी काही वर्षांपूर्वी ‘बिटकॉइनमध्ये दरमहा १० टक्के’ सांगणाऱ्या एका योजनेत जमीन विकून आलेले पैसे घातले, ते सगळे बुडाले. तेच दीर आता गावच्या ज्येष्ठ नागरिक संघातर्फे खासदारांना द्यायच्या निवेदनावर सह्या गोळा करतायत: देशात क्रिप्टोवर संपूर्ण बंदी घाला. त्यात दोन महिन्यांपूर्वी मुलाने यूएसडीटी विकून आलेले पैसे आईच्या पेन्शनच्या खात्यावर घेतले आणि आठवड्याभरात खात्याला होल्ड लागला. बँक म्हणते, परराज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आहे. बाई विचारतात: सही करू का? पैसे देऊ का? आणि सरकार हे एकदाचं बंद का करत नाही?

नमस्कार बाई,

तुमच्या पत्रात सहीचा प्रश्न पहिला आहे आणि खात्याचा शेवटी, जाता जाता आलेला. उत्तर मात्र खात्यापासून सुरू करायला हवं, कारण बाकी प्रश्न महिनाभर थांबले तरी चालतील, हा थांबणार नाही.

होल्ड का लागला? यूएसडीटी हे डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन. मुलाने ते पीटूपी पद्धतीने विकलं, म्हणजे एक्सचेंजने (क्रिप्टोची खरेदी-विक्री जिथे होते त्या ॲपने) फक्त गाठ घालून दिली आणि समोरच्या अनोळखी माणसाने थेट तुमच्या खात्यावर रुपये पाठवले. त्याच्याकडे ते रुपये कुठून आले, हे कळायला विकणाऱ्याला काही मार्ग नसतो. ऑनलाइन फसवणूक करणाऱ्या टोळ्यांना चोरलेले रुपये घाईने दुसऱ्या कशात तरी बदलायचे असतात आणि पीटूपीवर यूएसडीटी घेणं हा त्यांचा नेहमीचा रस्ता आहे. ज्याची फसवणूक झाली तो १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो. त्याचे पैसे ज्या खात्यांतून पुढे सरकले त्यांची साखळी तयार होते आणि तपास करणारे पोलीस साखळीतल्या खात्यांवर होल्ड लावायला बँकांना कळवतात. तुमचं खातं बहुधा त्या साखळीतलं तिसरं-चौथं असणार.

बँकेत तोंडी विचारणं आता पुरे. लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. अर्जात एवढंच मागा: कोणत्या पोलीस ठाण्याचं पत्र आहे, राष्ट्रीय सायबर पोर्टलवरचा तक्रार क्रमांक काय, तपास अधिकाऱ्याचा ईमेल कोणता, वादातली रक्कम नेमकी किती, आणि होल्ड तेवढ्या रकमेवर आहे की सगळ्या खात्यावर. बऱ्याचदा वाद वीस-तीस हजारांचा असतो आणि बंद मात्र संपूर्ण खातं झालेलं असतं. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणात होल्ड वादातल्या रकमेपुरता ठेवायला सांगितलं होतं. ‘हे पेन्शनचं खातं आहे, होल्ड वादातल्या रकमेपुरता मर्यादित करावा’ अशी विनंती बँकेला आणि तपास अधिकाऱ्याला, दोघांनाही लेखी करा.

तपास अधिकाऱ्याला पाठवायची कागदं मुलाकडूनच येतील. त्या विक्रीचा पीटूपी ऑर्डर क्रमांक, तारीख-वेळ, खात्यावर आलेल्या रकमेचा यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराचा, क्रमांक, खरेदीदाराशी झालेलं संपूर्ण चॅट, एक्सचेंजवरून उतरवलेला व्यवहारांचा उतारा आणि ते यूएसडीटी मुलाने मुळात कधी, कोणत्या पैशाने घेतले याचा पुरावा. हे सगळं एका पीडीएफमध्ये, तारखेच्या क्रमाने लावा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर त्या राज्याच्या सायबर विभागाच्या नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार करा. तिथेही हालचाल नसेल तर वकिलामार्फत संबंधित न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

या सगळ्यात एक गोष्ट लपवू नका: व्यवहार तुमचा नव्हता. विक्रेत्याने स्वतःच्याच नावाचं खातं वापरावं असा एक्सचेंजचा नियम असतो. मुलाने तुमचं वापरलं. पोलिसांच्या नजरेतून पाहिलं तर एकाच्या व्यवहाराचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात येणं हे भाड्याने दिलेल्या खात्यासारखं दिसतं. तुम्ही आधीच खरं सांगितलंत तर ते निष्काळजीपण ठरेल, मागाहून उघड झालं तर संशय वाढेल. टेलिग्रामवर ‘खातं अनफ्रीझ करून देतो’ म्हणणाऱ्या कुणालाही रुपयाही देऊ नका. कुणी फोन करून ‘माझे पैसे परत पाठवा, तक्रार मागे घेतो’ म्हणालं तरी परस्पर पाठवू नका. तो खरा तक्रारदार आहे की नाही हे तुम्हाला ठरवता येत नाही, आणि होल्ड कायम राहून पैसे दुसऱ्यांदा जाऊ शकतात. खातं मोकळं झाल्यावर त्यात पेन्शनखेरीज काही येऊ देऊ नका.

आता मुलाच्या म्हणण्याकडे. ‘टॅक्स घेतात म्हणजे कायदेशीर’ हे वाक्य तुमच्या घरातच नाही, हजारो घरांत बोललं जातं आणि त्यातली अर्धीच गोष्ट खरी आहे. क्रिप्टो बाळगणं, विकणं आज भारतात गुन्हा नाही, हे खरं. पण कर लावणं म्हणजे मान्यता देणं नव्हे. आयकर कायदा उत्पन्नाचा उगम पाहत नाही. बेकायदा धंद्याच्या कमाईवरही कर लागतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये कर जाहीर केल्यानंतर अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत स्पष्ट केलं होतं की तूर्त सरकार क्रिप्टोला मान्यताही देत नाही आणि बंदीही घालत नाही. कर आकारण्याचा हक्क वेगळा, तो सरकार वापरतं, एवढाच त्याचा अर्थ. मुलाच्या वाक्यामागे खरं तर एक न बोललेला समज आहे: सरकार कर घेतं म्हणजे उद्या काही बिघडलं तर सरकार बघून घेईल. बँक बुडाली तर ठेव विम्याचे पाच लाखांपर्यंत मिळतात. शेअर दलाल बुडाला तर शेअर बाजाराचा गुंतवणूकदार संरक्षण निधी असतो. क्रिप्टोमागे यातलं काहीही उभं नाही.

आणि सरकार बंद का करत नाही? बाई, सरकारने नाही तरी रिझर्व्ह बँकेने एकदा जवळजवळ बंद करून पाहिलं आहे. त्याचा परिणाम तुमच्या पासबुकात दिसतो आहे.

रिझर्व्ह बँकेने पहिला इशारा २४ डिसेंबर २०१३ ला दिला. पुढे ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने तिने बँकांना क्रिप्टोशी संबंधित कुणालाही सेवा द्यायला मनाई केली आणि चालू संबंध तोडायला तीन महिने दिले. क्रिप्टो बाळगण्यावर बंदी नव्हती, पण रुपया आत-बाहेर जाण्याची दारं लावली गेली. झेबपे या तेव्हाच्या मोठ्या एक्सचेंजने त्या सप्टेंबरात भारतातला व्यवहार थांबवला. पण लोकांचं ट्रेडिंग थांबलं नाही. ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात थेट पैसे पाठवण्याकडे, म्हणजे पीटूपीकडे वळलं. एक्सचेंजच्या खात्यातून जाणारा रुपया तपासणाऱ्याला एका ठिकाणी दिसत होता, तो आता लाखो घरगुती खात्यांत विखुरला. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. रिझर्व्ह बँकेला असा आदेश काढायचा अधिकारच नाही असं न्यायालय म्हणालं नाही. अधिकार मान्य केला, पण क्रिप्टोमुळे बँकांचं नेमकं काय नुकसान झालं हे दाखवलेलं नसताना उपाय प्रमाणाबाहेर कठोर आहे, असं म्हटलं. दारं पुन्हा उघडली. पीटूपीची पडलेली वाट मात्र बुजली नाही, आणि तुमचं खातं त्याच वाटेवर अडकलं आहे.

केंद्र सरकारने नेमलेल्या सुभाषचंद्र गर्ग यांच्या समितीने २०१९ मध्ये दहा वर्षांपर्यंत कैद सुचवणारा बंदी विधेयकाचा मसुदाही दिला होता. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनाच्या यादीत बंदीचंच एक विधेयक होतं, ते मांडलंच गेलं नाही. बाहेरचे अनुभवही असेच. नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये बँकांना मनाई केली, व्यवहार पीटूपीत गेला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये मनाई उठवावी लागली. चीनने सप्टेंबर २०२१ मध्ये सगळे व्यवहार बेकायदा ठरवले. परकीय चलनावर इतकी घट्ट पकड असलेल्या देशातही त्यानंतरच्या काही महिन्यांत बिटकॉइनचं मायनिंग, म्हणजे संगणकांवर नवी कॉइन्स तयार करणं, चोरून चालूच असल्याचं केंब्रिज विद्यापीठाच्या आकडेवारीत दिसलं.

कारण साधं आहे. क्रिप्टोची मालकी म्हणजे शेवटी बारा किंवा चोवीस शब्दांचा, पासवर्डसारखा एक संच. तो कागदावर लिहून कपाटात ठेवता येतो, पाठही करता येतो. सरकार तो जप्त करू शकत नाही, सरकारच्या हातात फक्त रुपयाचं दार आहे. बंदी म्हणजे तेच दार लावणं, आणि त्या दाराशी आज जी माणसं उभी आहेत, म्हणजे केवायसी घेणारी, टीडीएस कापणारी, संशयास्पद व्यवहार कळवणारी एक्सचेंजेस, तीच आधी निघून जातात.

तरीही रिझर्व्ह बँकेची बाजू हलकी समजू नका. तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर टी. रबी शंकर यांनी फेब्रुवारी २०२२ मधल्या भाषणात बंदीच का हवी ते सविस्तर मांडलं होतं. क्रिप्टोमागे धंद्याचं उत्पन्न नाही, कुणाची देणी नाहीत, आणि नियमन केलं की लोक त्याला सरकारी शिक्का समजतील. तुमच्या मुलाकडे पाहिलं तर ही भीती किती खरी आहे ते कळतं: नुसत्या कराला तो परवाना समजतो, उद्या खरा परवाना आला तर काय समजेल? शिवाय यूएसडीटीसारखी डॉलरला बांधलेली कॉइन घराघरांत रुळली तर रुपयावरची पकड सैल होईल, ही चिंता कुठल्याही मध्यवर्ती बँकेला असायलाच हवी. एवढं मान्य करूनही माझं मत नियमनाकडे झुकतं, कारण माणसांचं नुकसान जिथे जिथे झालं तिथे बंदी उपयोगी पडली असती का, हे एकेक करून तपासलं की उत्तर बहुतेक वेळा नाही असंच येतं.

आधी तुमच्या दिरांचं घ्या. दरमहा १० टक्के देण्याचं वचन, आणखी माणसं आणलीत तर कमिशन. गेनबिटकॉइन नावाची योजना नेमकी हेच सांगत होती: दरमहा १० टक्के, अठरा महिने. तिचा सूत्रधार पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये पकडला. दिरांची योजना तीच होती की तिची नक्कल, तुमच्या पत्रावरून सांगता येत नाही, पण साचा तोच आहे. आणि हा साचा क्रिप्टोवर बंदी नसतानाही बेकायदाच होता. साखळी योजनांवर १९७८ चा केंद्रीय कायदा आहे. लोकांच्या ठेवी बुडवणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतःचा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, १९९९ पासून आहे. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा केंद्रीय कायदा २०१९ चा आहे. दिरांच्या बाबतीत बंदी पुस्तकात होतीच, अंमलबजावणी उशिरा आली. बिटकॉइनच्या जागी सागवानाची झाडं, इमूचे पक्षी किंवा सोनं असतं तरी हेच झालं असतं, आणि आपल्याकडे झालेलंही आहे.

आता दुसऱ्या प्रकारचं नुकसान, ज्याच्याबद्दल तुमच्या घरात कुणीच बोलत नाहीये आणि ज्याचा धोका तुमच्या मुलाला सगळ्यात जास्त आहे. त्याने काही चुकीचं न करताही त्याची कॉइन्स जाऊ शकतात. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजच्या वॉलेटमधून, म्हणजे कॉइन्स ठेवायच्या डिजिटल तिजोरीतून, सुमारे २३ कोटी डॉलर चोरीला गेले. ग्राहकांच्या एकूण क्रिप्टोपैकी हा साधारण ४५ टक्के भाग. चोरी झालेलं कॉइन ठेवणाऱ्याचीही रक्कम अडकली आणि चोरी न झालेलं कॉइन ठेवणाऱ्याचीही. कंपनीची रचना सिंगापूरची असल्याने फेररचनेचा आराखडा तिथल्या उच्च न्यायालयात गेला आणि भारतातल्या ग्राहकांना व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. जवळजवळ बरोबर एक वर्षाने, १९ जुलै २०२५ ला, कॉइनडीसीएक्स या दुसऱ्या भारतीय एक्सचेंजच्या एका अंतर्गत खात्यातून ४.४ कोटी डॉलर गेले. तिथे कंपनीने नुकसान आपल्या तिजोरीतून भरलं आणि ग्राहकांना झळ पोचली नाही. देश तोच, महिना तोच, ग्राहक तसेच. एका ठिकाणी लोकांना सव्वा वर्ष ताटकळावं लागलं, दुसऱ्या ठिकाणी नाही. हा फरक भारतातल्या कुठल्याही कायद्याने घडवलेला नाही, कारण एक्सचेंजने ग्राहकाची कॉइन्स कशी सांभाळायची हे सांगणारा कायदाच आपल्याकडे नाही. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून धरता येते असं म्हटलं. दिशा योग्य आहे, पण प्रत्येक ग्राहकाने न्यायालयात जाऊन मिळवायची ही गोष्ट नव्हे.

हे कायद्याने कसं करता येतं ते जपानने दाखवलं आहे. २०१४ मध्ये टोकियोतलं माउंट गॉक्स हे एक्सचेंज बुडालं तेव्हा साडेआठ लाख बिटकॉइन गायब झाल्याचं जाहीर झालं होतं. जपानने बंदी घातली नाही. २०१७ पासून एक्सचेंजना नोंदणी सक्तीची केली. जानेवारी २०१८ मध्ये तिथलं कॉइनचेक हे एक्सचेंज लुटलं गेलं तेव्हा लक्षात आलं की नुसती नोंदणी पुरत नाही. मग २०२० पासूनचा नियम असा: ग्राहकांची ९५ टक्के कॉइन्स इंटरनेटपासून तोडलेल्या वॉलेटमध्येच ठेवायची, आणि उरलेली जी ऑनलाइन ठेवावी लागतात तितकीच, त्याच जातीची कॉइन्स कंपनीने स्वतःच्या पैशातून वेगळी ठेवायची. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे मोठं परदेशी एक्सचेंज कोसळलं, तेव्हा जगभरचे ग्राहक रांगेत उभे राहिले. दिवाळखोरीतून पहिलं वाटप सुरू व्हायला फेब्रुवारी २०२५ उजाडला. एफटीएक्सच्या जपानी शाखेचे ग्राहक मात्र २१ फेब्रुवारी २०२३ पासून आपले पैसे काढू लागले होते. कंपनी तीच, मालक तेच. जपानी कायद्याने ग्राहकांची मालमत्ता वेगळी ठेवायला लावली होती, इतकाच फरक.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. ७ मार्च २०२३ पासून एक्सचेंजेस मनी लॉन्डरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आली आणि वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, एफआययूकडे, नोंदणी सक्तीची झाली. नोंदणीविना धंदा करणाऱ्या नऊ परदेशी एक्सचेंजना डिसेंबर २०२३ मध्ये नोटिसा गेल्या. त्यांपैकी बायनान्सला जून २०२४ मध्ये १८.८२ कोटींचा दंड झाला. पण हा कायदा काळ्या पैशाचा माग काढण्यासाठी आहे. एक्सचेंजच्या जाहिरातीत ‘एफआययू नोंदणीकृत’ दिसलं की मुलगा ते सुरक्षिततेचं प्रमाणपत्र समजत असेल, तर ते तसं नाही. नोंदणी नसेल तर तिथे पाऊल टाकू नये, हे खरं. नोंदणी आहे म्हणून पैसे सुरक्षित, हे खरं नाही.

आणि तिसरं नुकसान बाजाराचं. इथे तुम्हाला नियमनाबद्दलही सावध करायला हवं. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात, शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरांना तोटा झाल्याचं आढळलं, एकूण १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. तो बाजार तर देशातला सगळ्यात कडक नियमनाखालचा. नियमन तुमचा पैसा चोरीपासून वाचवतं, तुमच्या निर्णयापासून नाही. बिटकॉइन स्वतः नोव्हेंबर २०२१ मधल्या ६९,००० डॉलरच्या आसपासच्या उच्चांकावरून वर्षभरात १६,००० च्या खाली आलं होतं, तेही कुणी न चोरता.

म्हणून चार लाख देऊ नका. मुलावर अविश्वास म्हणून नाही. ग्रॅच्युइटी ही पुन्हा न मिळणारी रक्कम आहे, आणि क्रिप्टोत फक्त ती रक्कम घालावी जी उद्या शून्य झाली तरी औषधपाणी आणि घराचा हप्ता अडत नाही. मुलगा सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल तर त्याच्याकडे चुका भरून काढायला पगाराची वर्षं आहेत, तुमच्याकडे नाहीत. नकार देताना मात्र त्याला तीन प्रश्न विचारा, कारण त्यांची उत्तरं त्यालाही हवी आहेत.

पहिला: स्पॉट करतोस, म्हणजे पूर्ण पैसे देऊन कॉइन घेतोस, की फ्युचर्स, म्हणजे थोडे पैसे लावून भावावरचा मोठा सौदा? तुमच्या पत्रात ‘ट्वेंटी एक्स’ हा शब्द आला आहे, त्यावरून फ्युचर्स असावं. वीस पट लिव्हरेज म्हणजे १०,००० रुपये लावून दोन लाखांचा सौदा. भाव पाच टक्के उलटा गेला की दहा हजार संपले, खरं तर त्याच्या थोडं आधीच, कारण एक्सचेंज पाच टक्क्यांची वाट न पाहता सौदा कापून टाकतं. क्रिप्टोत पाच टक्के हलणं ही एका दुपारची गोष्ट आहे. तुमच्या चार लाखांतून तो ‘ॲव्हरेज’ करणार असेल, म्हणजे तोट्यातल्या सौद्यात आणखी पैसे घालणार असेल, तर ते पैसे आठवडाभरही टिकतील याची खात्री नाही.

दुसरा: करानंतर हातात काय उरतं, हे कधी मांडलं आहेस का? समजा वर्षभरात एका कॉइनमध्ये ८०,००० नफा आणि दुसऱ्यात १,२०,००० तोटा झाला. प्रत्यक्षात ४०,००० गेले. तरीही तोटा नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी नेताही येत नाही. कर ८०,००० वर लागतो: ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे २४,९६०. एक कॉइन देऊन दुसरं घेतलं तरी ती विक्रीच धरली जाते. प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे. एक लाखाचं भांडवल त्याच भावाला पन्नास वेळा फिरवलं तर ट्रेडिंगला साधारण ६०,५०० उरतात, बाकीचे रिटर्न भरेपर्यंत सरकारकडे. एक्सचेंजच्या फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा.

तिसरा: रिटर्नमध्ये व्हीडीए शेड्यूल, म्हणजे क्रिप्टोच्या व्यवहारांचा तक्ता, भरलं आहेस का? कापलेला टीडीएस आयकर विभागाच्या २६एएस आणि एआयएस या उताऱ्यांत दिसतो, म्हणजे खात्याला व्यवहार माहीतच असतात. २०२५ मध्ये क्रिप्टोचे व्यवहार न दाखवणाऱ्या हजारो लोकांना आयकर विभागाने ईमेल पाठवले होते. मागच्या वर्षांचं राहिलं असेल तर अद्ययावत रिटर्न, आयटीआर-यू, संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत भरता येतं. पहिल्या वर्षात करावर आणि व्याजावर २५ टक्के जादा, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. जितका उशीर तितकं महाग, आणि एकदा कारवाई सुरू झाली की काही प्रकरणांत हा मार्गच बंद होतो. तुमच्या खात्यावर आलेल्या रकमेचा हिशेबही त्याच्याच रिटर्नमध्ये यायला हवा. सीएकडे जाताना तुमचं पासबुक बरोबर द्या.

एवढं करूनही त्याला थोडं ठेवायचंच असेल तर स्पॉटमध्ये, स्वतःच्या नावाच्या खात्यातून, आणि पीटूपी पूर्ण बंद करून. नवीन एक्सचेंजवर आधी हजार-दोन हजार घालून ते बँकेत परत येतात का ते पाहावं. मोठी रक्कम असेल तर स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटमध्ये (इंटरनेटपासून वेगळ्या छोट्या उपकरणात), आणि ते चोवीस शब्द कागदावर; फोनमध्ये फोटो काढून नाही.

राहता राहिली सही. सध्याच्या मसुद्यावर करू नका, पण निवेदनापासून दूरही राहू नका. दिरांचा राग खरा आहे. निवेदनात फक्त ‘बंदी घाला’ असेल तर ते खासदारांच्या फायलीत जाईल आणि तिथेच राहील. त्याऐवजी संघाने अर्थ मंत्रालयाच्या नावे नेमक्या मागण्या लिहाव्यात. ग्राहकांची कॉइन्स ही ग्राहकांचीच मालमत्ता, ती कंपनीच्या दिवाळखोरीत येणार नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहावं. जपानसारखी ऑफलाइन वॉलेटची सक्ती करावी. तक्रार कुणाकडे न्यायची, सेबी की रिझर्व्ह बँक, हे एकदाचं ठरवावं. वैयक्तिक ग्राहकासाठी लिव्हरेजला कमाल मर्यादा असावी. टीडीएस माग काढण्यापुरता नाममात्र ठेवावा, म्हणजे लोक परदेशी ॲपकडे आणि पीटूपीकडे ढकलले जाणार नाहीत. आणि पोलिसांच्या पत्रावर लागणारा होल्ड वादातल्या रकमेपुरताच असावा, खातेदाराला ठरावीक दिवसांत लेखी कारण मिळावं. ही शेवटची मागणी लिहिताना तुमच्या खात्याची हकिकत नाव न देता जोडा. तुमच्यासारखे निवृत्त लोक गावात आणखी निघतील.

दिरांसाठी निवेदनापेक्षा महत्त्वाचं काम वेगळं आहे. त्यांनी ज्या योजनेत पैसे घातले तिच्या पावत्या, बँकेतून किंवा रोख दिलेल्या रकमांच्या तारखा, ज्याने गळ घातली त्याचे जुने व्हॉट्सॲप मेसेज, बैठक झाली त्या हॉटेलचं नाव, वॉलेटचा पत्ता असेल तर तोही, असं सगळं एका फायलीत लावून जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत एमपीआयडी कायद्याचा उल्लेख करून लेखी तक्रार द्यावी. त्या योजनेवर आधीच गुन्हा दाखल असेल तर त्यात ठेवीदार म्हणून नाव नोंदवता येतं. या कायद्याखाली जप्त मालमत्ता विकून आलेले पैसे ठेवीदारांत वाटले जातात आणि त्या यादीत नाव असावं लागतं. बहुतेक लोक लाजेपोटी तक्रारच करत नाहीत, म्हणून ती यादी तोकडी राहते. तुम्ही इतकी वर्षं मुलांचे अर्ज लिहून दिले असतील, हा एक दिरांचा लिहून द्या.